पाच वाजता आलेल्यालाही पूर्ण रोज? स्वर्गाच्या राज्याचे दाखले

वसईची_माई

नमस्कार मंडळी,

आमच्या धर्मग्रामात, म्हणजे चर्चच्या पॅरिशमध्ये, दर बुधवारी संध्याकाळी बायबलवाचन असतं. गेले दोन महिने आम्ही मत्तयच्या शुभवर्तमानातले (येशूचं चरित्र सांगणारं बायबलमधलं पुस्तक) स्वर्गाच्या राज्याचे दाखले, म्हणजे येशूने सांगितलेल्या बोधकथा, वाचतोय. तेराव्या अध्यायातले पेरणारा, निदण (तण), मोहरीचा दाणा, खमीर (पीठ फुगवणारं आंबवण), शेतातली ठेव, मोती, जाळं असे सगळे सुरळीत पार पडले. विसाव्या अध्यायात आलो आणि गाडी अडली.

गोष्ट ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. द्राक्षमळ्याचा मालक पहाटे बाजारात जातो आणि एका दिनारावर मजूर ठरवतो. दिनार म्हणजे त्या काळचा मजुराचा एका दिवसाचा रोज. मग तो नऊला जातो, बाराला जातो, तीनला जातो, आणि दिवस मावळायला तासभर उरला असताना, पाच वाजता, पुन्हा जातो. जे उभे दिसतील त्यांना मळ्यात पाठवतो. संध्याकाळी कारभाऱ्याला सांगतो, शेवटी आलेल्यांपासून पैसे द्यायला लाग. पाचवाल्यांना पूर्ण दिनार मिळतो. पहाटेवाल्यांना वाटतं, आता आपल्याला जास्त मिळणार. त्यांच्याही हातावर दिनारच पडतो.

आमच्यातले एक काका, चाळीस वर्षं कारखान्यात पाळ्या केलेले, वाचन मध्येच थांबवून म्हणाले, "माई, तासाभराच्या कामाला पूर्ण हजेरी लावली असती तर आम्ही गेट बंद पाडलं असतं. हा मालक चांगला कसा?"

'देवाची कृपा मोजून मिळत नाही' हे वाक्य माझ्या अगदी ओठावर आलं होतं. ते मी गिळलं. काकांचा राग खरा होता, आणि मला वाटतं गोष्ट सांगणाऱ्याला तो राग हवाच होता. नाहीतर पैसे शेवटच्यापासून द्यायला सुरुवात कशाला केली असती? पहाटेवाल्यांना आधी देऊन वाटेला लावलं असतं तर त्यांना काही कळलंही नसतं. येशूने त्यांना रांगेत उभं करून सगळं बघायला लावलंय.

आपण या दाखल्यांचा अर्थ काढायची फार घाई करतो असं मला मनापासून वाटतं. मालक म्हणजे देव, मळा म्हणजे चर्च, दिनार म्हणजे स्वर्ग, झालं! पण ज्यांनी ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली त्यांच्यासाठी मळा हा मळाच होता आणि रोज हा रोजच होता. आधी त्या मळ्यात उभं राहावं, मजुरीचं बोलावं, पिठात हात घालावा, आणि मग स्वर्गाचं नाव घ्यावं. तुमच्यात शेती करणारे, मजुरी केलेले, ग्रीक-हिब्रू जाणणारे कोण असतील त्यांनी आपापल्या बाजूने काय दिसतं ते लिहा. ख्रिस्तीच असायला हवं असं अजिबात नाही.

ग्रीक_शिकतोय

माई, चांगला विषय काढलात. एक गोष्ट आधी सांगतो, तिच्यावाचून सगळेच दाखले तिरके लागतात.

'स्वर्गाचं राज्य' म्हटलं की मराठी माणसाला मेल्यानंतर जायची जागा वाटते. ग्रीकमधला शब्द 'बसिलेइया', आणि त्याचा पहिला अर्थ राज्य करणं, सत्ता चालणं. आपल्याकडे रामराज्य म्हटल्यावर कोणी अयोध्येच्या सीमा विचारत नाही. शिवरायांचं राज्य म्हणजे कसा कारभार, कसा न्याय, हेच मनात येतं. तसंच इथेही आहे. मत्तय बहुतेक ठिकाणी 'स्वर्गाचं राज्य' लिहितो. मार्क आणि लूक हे दुसरे शुभवर्तमानकार त्याच जागी 'देवाचं राज्य' लिहितात. म्हणजे प्रश्न 'स्वर्ग कसा दिसतो' हा नाही. देवाचा कारभार चालू झाला की काय काय घडतं, हा आहे.

म्हणूनच उपमा कशाला दिलीय ते नीट बघावं लागतं. ठेवीच्या दाखल्यात राज्य ठेवीसारखं आहे. लगेच पुढच्याच मोत्याच्या दाखल्यात राज्य मोत्यासारखं नाही, मोती शोधत फिरणाऱ्या व्यापाऱ्यासारखं आहे! एकास एक जोड्या लावणारा इथे फसतो. उपमा त्या सगळ्या घडामोडीला आहे: एकाला शेतात अचानक सापडतं, दुसरा जन्मभर शोधत असतो, आणि दोघेही असेल नसेल ते विकून मोकळे होतात.

आता मळ्याकडे येतो. ही गोष्ट मुळात कोणाला सांगितलीय? तिच्या आधीच्याच अध्यायाच्या शेवटी येशूचा शिष्य पेत्र विचारतो, "आम्ही सगळं सोडून तुमच्या मागे आलो, आम्हाला काय मिळणार?" म्हणजे पहाटेपासून राबणारा पहिला माणूस पेत्रच. त्याच्यासाठी गोष्ट आहे.

आणि मालकाचं शेवटचं वाक्य मूळात शब्दशः असं आहे: "मी चांगला आहे म्हणून तुझा डोळा वाईट झाला का?" वाईट डोळा म्हणजे दुसऱ्याचं बरं झालेलं न बघवणारी नजर. हे मराठीत समजावून सांगावं लागत नाही.

काळीमाती

आम्ही वारकरी घरातले, बायबल कॉलेजात असताना एका मित्राकडून घेऊन वाचलं होतं. निदणाचा दाखला तेव्हापासून डोक्यात आहे, त्याबद्दल लिहितो.

शेतकरी गहू पेरतो. रात्री वैरी येऊन त्यातच निदण पेरून जातो. गडी म्हणतात, उपटून टाकू का? मालक म्हणतो, नको, निदण उपटताना गहूही उपटाल, कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या.

शहरातल्या माणसाला वाटतं मालक ढिला आहे. आमच्याकडे गव्हात एक रानगवत येतं, पातं अगदी गव्हासारखं. हिवाळ्यात बांधावर उभं राहिलं तर सगळं एकसारखं हिरवंगार दिसतं. वडील खुरपायला बायका लावायचे तेव्हा सांगायचे, ओळखू येत नसेल तिथे हात घालू नका. ओंबी बाहेर पडली की मग लांबूनच कळतं. तोवर खाली मुळ्या एकमेकांत गेलेल्या असतात, एक ओढलं की दुसरं हलतं. मी स्वतः पंधरा-सोळा वर्षांचा असताना शहाणपणा करून एक वाफा 'साफ' केला होता. दोन दिवसांनी बघतो तर निम्मा गहू माना टाकून पडलेला. वडील काही बोलले नाहीत, पाणी सोडलं नुसतं.

त्या देशातलं ते गवत कोणतं असावं, कोणी सांगेल का? आणि दुसऱ्याच्या शेतात मुद्दाम तण पेरणं असं खरंच कोणी करायचं का?

ग्रीक_शिकतोय

काळीमाती दादा, मूळ शब्द 'झिझानिया'. वनस्पतिशास्त्रात लोलियम टेम्युलेंटम म्हणतात तेच हे गवत, असं बहुतेकांचं मत आहे. गव्हाचा अगदी जुळा भाऊ. फरक ओंबीवरच कळतो, तुम्ही म्हणता तसाच. त्याच्या दाण्यात एक बुरशी वाढते आणि तिने ते विषारी होतं. पिठात मिसळलं गेलं तर माणसाला भोवळ येते. आणि हो, दुसऱ्याच्या पिकात हे पेरणाऱ्याविरुद्ध दाद मागता येते असा उल्लेख रोमन कायद्याच्या संग्रहात आहे. म्हणजे सूड उगवायची ही ओळखीची तऱ्हा असणार.

या दाखल्याचा खुलासा त्याच अध्यायात दिलाय आणि त्यात 'शेत म्हणजे जग' असं स्पष्ट म्हटलंय. तरी ख्रिस्ती मंडळीतून, म्हणजे चर्चमधून, कोणाला काढावं, कोणाला ठेवावं या भांडणात हा दाखला शतकानुशतकं वापरला गेला. जुन्या काळचा मोठा ख्रिस्ती धर्मपंडित संत ऑगस्टीन, त्यानेही उत्तर आफ्रिकेतल्या वादात वापरला. निदान त्याने तो माणसं न उपटण्याच्या बाजूने मांडला.

नेगेवची_मराठी

शालोम आणि नमस्कार. मी बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंपैकी, आजी-आजोबा अलिबागजवळच्या गावातले, आता आम्ही इस्रायलमध्ये. ज्यू असल्यामुळे नवा करार (बायबलचा येशूबद्दलचा भाग) आमचं धर्मपुस्तक नाही. पण हे दाखले वाचताना मला परक्याच्या घरात आल्यासारखं कधीच वाटलं नाही. सांगणारा ज्यू, ऐकणारे ज्यू, आणि उपमा सगळ्या आमच्या घरातल्या.

'स्वर्गाचं राज्य' हिब्रूत 'मलखुत शामायिम'. आम्ही 'शेमा इस्राएल' ही आमची रोजची प्रार्थना म्हणतो तेव्हा मिश्नाच्या (आमच्या जुन्या नियमसंग्रहाच्या) भाषेत आम्ही स्वर्गाच्या राज्याचं जू खांद्यावर घेतो. रोज सकाळी, रोज संध्याकाळी. कोकणात आमचे पूर्वज कितीतरी पिढ्या बाकीच्या ज्यूंपासून तुटून राहिले, बरीचशी हिब्रू विसरले, पण शेमा विसरले नाहीत. लग्न असो, सुंता असो, मयत असो, शेमाच म्हणायचे. म्हणजे आमच्या आजीच्या लेखी स्वर्गाचं राज्य मेल्यानंतरची गोष्ट नव्हती, उठल्यावर तोंड धुऊन घ्यायचं ते जू होतं.

मोहरीबद्दल. गालीलमध्ये, म्हणजे येशूच्या मुलखात, वसंतात रस्त्याकडेला काळी मोहरी माजते. माणसाहून उंच, दोन-तीन मीटर सहज. पण ती झाड नाही, एका हंगामाची आहे. आमच्या संदेष्ट्यांच्या पुस्तकांत ज्याच्या सावलीत पाखरं येतात तो वृक्ष म्हणजे यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकातला डोंगरमाथ्यावरचा भव्य देवदार. राज्याची शोभा दाखवायला देवदार. येशूने पाखरं तीच ठेवली आणि देवदार काढून तिथे मोहरी लावली! शिवाय मिश्नात मोहरी बागेच्या वाफ्यात लावू नये असा नियम आहे. लूककडे तर तो माणूस दाणा नेमका बागेतच टाकतो.

खमिराचंही तसंच. पेसाख या आमच्या सणाच्या आधी आम्ही घरातून आंबलेलं सगळं शोधशोधून बाहेर काढतो. जुन्या बेने इस्रायली मराठीत त्या सणाचं नावच आंबट भांडं झाकून ठेवण्याचा सण अशा अर्थाचं होतं. अशा लोकांना कोणी सांगतो की देवाचं राज्य खमिरासारखं आहे! पहिल्या ऐकणाऱ्यांनी नक्की एकमेकांकडे पाहिलं असेल.

वसईची_माई

किती सुंदर लिहिलंत! खमिराचं मी लिहिते, कारण ते माझं क्षेत्र.

आमच्याकडे नाताळाला फुगे करतात. मैदा, अंडी, नारळाचं दूध. माझ्या आईच्या वेळी यीस्ट नव्हतं, फुगवायला ताडी. रात्री पीठ मळून मोठ्या टोपात ठेवायचं, वर ओलं फडकं, त्यावर ताट, आणि थंडी असेल तर चक्क गोधडी. आम्ही पोरं मध्येच ताट उचलून बघायचो आणि मार खायचो. आई म्हणायची, "बघितलं की बसतं." ते खरं की खोटं देव जाणे. पण पहाटे उठून बघावं तर पीठ टोपाच्या काठावर आलेलं, बोट लावलं की आत हवा जाणवायची, आणि तो आंबूस गोड वास सगळ्या घरभर. ताडी कुठे गेली? शोधून सापडणार नाही. तिला आता पिठातून परत काढता येत नाही.

दाखल्यात त्या बाईने खमीर पिठात 'मिसळलं' असं नाही, 'लपवलं' असं आहे. आणि पीठ किती, तर तीन मापं! मी हिशेब शोधला: तिन्ही मिळून जवळजवळ ४० लिटर मापाचं पीठ. शंभराच्या वर माणसं जेवतील. एका घरातली एक बाई रोजच्या भाकरीला एवढं मळत नाही. बायबलच्या जुन्या भागात अब्राहामाकडे तीन पाहुणे आले तेव्हा त्याने बायकोला, साराला, तीनच मापं मळायला सांगितली होती. ऐकणाऱ्यांना ती गोष्ट आठवली असणार. म्हणजे कोणीतरी येणार आहे, आणि बाईला ते माहीत आहे. एवढ्या पिठाचं मळणं म्हणजे खांदे भरून येतात, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. धर्मगुरूंच्या प्रवचनात या बाईच्या खांद्यांबद्दल मी आजवर ऐकलेलं नाही.

ओवीवाचक

मी महानुभाव वाङ्मयाचा विद्यार्थी. एक तुलना मांडतो.

आपल्याकडे तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी दृष्टान्त सांगितले, ते केसोबासांनी 'दृष्टान्तपाठा'त एकत्र केले. एकूण ११४. प्रत्येकाला तीन अंगं: आधी सूत्र, मग दृष्टान्त, मग दार्ष्टान्तिक. सूत्रात सिद्धान्त, दृष्टान्तात गोष्ट, आणि दार्ष्टान्तिकात गोष्टीतलं कोण म्हणजे कोण ते उलगडून सांगितलेलं. आंधळे आणि हत्ती आपण शाळेत वाचलेत, तो यातलाच.

तेरावा अध्याय मी या धाग्यामुळे काल पहिल्यांदा सलग वाचला. माझ्या लक्षात आलं की येशू बऱ्याचदा फक्त मधलं अंग देतो. सूत्र नाही, दार्ष्टान्तिक नाही. "स्वर्गाचं राज्य अमक्यासारखं आहे" आणि गोष्ट. मोहरी आणि खमीर तर एकेका वाक्यात संपतात. ज्याला कान आहेत त्याने ऐकावं, एवढंच. पेरणारा, निदण आणि जाळं यांना मात्र दार्ष्टान्तिक जोडलेलं आहे. आपण मराठी लोक सूत्र आणि दार्ष्टान्तिक यांना सरावलेलो, म्हणून ते नसलं की आपणच भरायला धावतो. माईंची तक्रार मला तरी अशी समजली.

नगरचा_नातू

माझे आजोबा नगर जिल्ह्यात पाळक (ख्रिस्ती धर्मोपदेशक) होते, तेव्हा थोडं विरोधात लिहितो, राग नसावा.

अर्थ काढू नका, नुसतं पीठ मळा, असं म्हणून चालणार नाही. ओवीवाचक म्हणतात तसं तीन दाखल्यांचा अर्थ शुभवर्तमानातच दिलाय. बी म्हणजे वचन, काटे म्हणजे संसाराची काळजी. तो अर्थ आम्ही लहानपणी पाठ केला आणि त्याने आम्हाला घडवलं. आजोबा ज्या वस्तीत प्रवचन करायचे तिथल्या लोकांना गावाने विहिरीवर पाणी भरू दिलं नव्हतं. त्यांना मळ्याच्या दाखल्याच्या शेवटचं 'शेवटचे ते पहिले होतील' हे वाक्य साहित्य म्हणून नको होतं. ते त्यांना स्वतःबद्दलचं वचन म्हणून हवं होतं, आणि ते तसं मिळालं.

दुसरं. या दाखल्यांची दुसरी बाजूही आहे. बाहेरचा अंधार, रडणं आणि दात खाणं. लग्नाच्या मेजवानीत पोशाख नसलेल्याला हातपाय बांधून बाहेर टाकतात. दहा कुमारींतल्या पाच जणींना दार उघडत नाहीत. त्याबद्दल या धाग्यात कोणी शब्द काढलेला नाही.

ख्रिस्ती झालेले कवी रेव्हरंड ना. वा. टिळक, त्यांनी आयुष्याच्या शेवटी, १९१७ साली, साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही त्यात जागा होती. आजोबा सांगायचे की 'राज्य' शब्दाचं खरं मराठी टिळकांनी केलं: दरबार. दरबारात आत यायला मोकळीक असते, पण आत आल्यावर समोर कोण बसलंय याची जाणीवही असते.

ग्रीक_शिकतोय

नगरकर, तुमचा मुद्दा मान्य आणि महत्त्वाचा. 'रडणं आणि दात खाणं' हे शब्द मत्तयमध्ये ६ वेळा आहेत, लूकमध्ये एकदाच. म्हणजे मत्तयला हा इशारा फार जवळचा होता. तो पुसून टाकून वाचणं अप्रामाणिक ठरेल.

पण एक बघा. विसाव्या अध्यायातला मालक कुरकुर करणाऱ्याला 'हेतायरे' म्हणतो, म्हणजे 'गड्या', 'मित्रा'. ही हाक मत्तयमध्ये तीनच ठिकाणी आहे. एक इथे. दुसरी लग्नाच्या पोशाखावाचून आत आलेल्या माणसाला. तिसरी गेथशेमानेच्या बागेत, येशू आपल्या शिष्याला, यहूदाला, तो दगा देऊन धरून द्यायला आलेला असताना. तिन्ही वेळा समोरचा चुकीच्या बाजूला उभा आहे आणि तरी हाक मित्राची आहे. मला यापुढे काही बोलवत नाही.

अर्थ लावण्याबद्दल म्हणाल तर जास्तीचा अर्थ लावण्याची हद्द ऑगस्टीननेच दाखवली. चांगल्या शोमरोन्याच्या गोष्टीतली, म्हणजे वाटेत जखमी पडलेल्याला मदत करणाऱ्या परक्याच्या गोष्टीतली, धर्मशाळा म्हणजे चर्च आणि तिचा व्यवस्थापक म्हणजे संत पौल! एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस यूलिशर नावाच्या जर्मन अभ्यासकाने याला जोराचा विरोध केला आणि एका दाखल्यात एकच मुद्दा असतो असं ठरवून टाकलं. मला ते दुसरं टोक वाटतं. मळ्याच्या गोष्टीत एकच मुद्दा कोणता, सांगा बघू.

हिशेबनीस

मी पतसंस्थेत बावीस वर्षं वसुलीचं काम केलं. अठराव्या अध्यायातला क्षमा न करणारा चाकर हा माझा दाखला.

आकडे मांडतो. एक तालांत म्हणजे सुमारे ६,००० दिनार. चाकराचं राजाला देणं १०,००० तालांत, म्हणजे ६ कोटी दिनार, म्हणजे ६ कोटी दिवसांची मजुरी. वर्षाला ३०० दिवस काम धरलं तर २ लाख वर्षं. जोसेफस या ज्यू इतिहासकाराने दिलंय की तिथला राजा हेरोद अंतिपा, त्याला गालील आणि पेरिया हे प्रांत मिळून वर्षाला २०० तालांत महसूल मिळे. म्हणजे येशू ज्या मुलखात बोलत होता तिथला पन्नास वर्षांचा महसूल एका चाकराच्या नावे! आणि तो गुडघ्यावर येऊन म्हणतो, "मुदत द्या, सगळं फेडतो." राजा सोडून देतो. हा बाहेर पडतो आणि १०० दिनारांसाठी सोबतीचा गळा धरतो. सहा लाखांत एक.

कागदावर शंभर दिनारांचं येणं खरं आहे, त्याबद्दल वाद नाही. शंभर दिवसांची मजुरी, गरिबाला ती काही थोडी नाही. मला नेहमी टोचतं ते वेगळंच. सोबती याच्यापाशी गयावया करतो ती जवळजवळ शब्द न् शब्द तीच, जी याने घटकाभरापूर्वी राजापुढे केली. स्वतःचंच वाक्य कानावर पडलं आणि ओळखू आलं नाही. वसुलीला गेलो की दारात माणसं अशीच बोलायची, आणि माझ्या मुलीच्या दवाखान्याच्या वेळी मी दुसऱ्या एका दारात तसाच बोललो होतो. त्यानंतर मी वसुली सोडली नाही, नोकरी होती. पण कोणाच्या दारात आवाज चढवला नाही.

नाक्यावरचा

मी लिहिणारा माणूस नाही, वाचतो रोज. माईंनी मजुरी केलेल्यांना लिहा म्हटलं म्हणून लिहितोय. आता माझं रंगकामाचं छोटं काँट्रॅक्ट आहे. त्याआधी सात वर्षं नाक्यावर उभा राहिलो.

सकाळी सातला नाका भरतो. हातात ब्रश असला की रंगारी, थापी असली की गवंडी, काहीच नसलं की बिगारी. मुकादम येतो, गाडीतून उतरत पण नाही. बोट दाखवतो: तू, तू, तू. कोणाला उचलतो? दंड बघतो. ओळखीचा बघतो. आपल्या गावचा बघतो. म्हातारा, बारीक, हात दुखावलेला, नवीन आलेला, हे मागे राहतात. नऊपर्यंत आशा असते. दहानंतर लोक रोज पाडून मागतात. अकराला नाका मोकळा होतो. जे उरतात ते दोन प्रकारचे, काही घरी जातात आणि काही जात नाहीत. जात नाहीत ते कशाला थांबतात, तर घरी लवकर गेलं की बायकोला कळतं. मी एकदा संध्याकाळपर्यंत बसलो होतो. डबा दुपारीच संपला होता. शेवटी ब्रश पाण्यात बुडवून घेतला, वापरल्यासारखा दिसावा म्हणून.

मी तो दाखला मोबाईलवर काढून वाचला. मालक पाच वाजता विचारतो, दिवसभर इथे रिकामे का उभे आहात? ते म्हणतात, आम्हाला कोणी कामावर घेतलं नाही म्हणून. हे वाक्य ज्याने लिहिलं त्याने नाका बघितलाय. लोकांना वाटतं पाचवाला उशिरा उठून आला. तो सकाळपासून तिथेच आहे. मळ्यात राबणाऱ्याला निदान सकाळीच माहीत होतं की आज चूल पेटणार. दिवसभराचं ऊन त्याने सोसलं हे खरं, कष्टाचं आहे ते. पण पाचवाल्याचा दिवस कसा गेला ते मला माहीत आहे.

आणि एक. बारा तासांतल्या एका तासाचे पैसे बरोबर मोजून दिले असते तर त्यात एका घराचं पीठ पण आलं नसतं. पोट अर्धा रोज ओळखत नाही.

माझे कामगार कधी उशिरा येतात तेव्हा मी अर्धा रोज कापतो. इथून पुढे काय करायचं ते बघतोय.

नेगेवची_मराठी

नाक्यावरच्या भाऊंनी लिहिलेलं मी आईला वाचून दाखवलं. तिने पुन्हा वाचायला लावलं.

एक जोड देते. तोरात, म्हणजे आमच्या धर्मशास्त्राच्या मूळ पुस्तकांत, आज्ञा आहे की मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्यावी, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव तिच्यात गुंतलेला असतो. मालक संध्याकाळीच पैसे वाटतो ते या नियमाने. आमच्याकडे यरुशलेमच्या तलमुदात (मिश्नावरच्या चर्चांचा जुना ग्रंथ) अशीच एक गोष्ट आहे, अकाली वारलेल्या एका विद्वानाच्या मयताच्या वेळी सांगितलेली. राजाने मजूर लावले, एकाने दोन तासच काम केलं, त्याला पूर्ण रोज मिळाला. बाकीचे कुरकुरले तेव्हा राजा म्हणाला, तुमच्याने दिवसभरात झालं नाही एवढं त्याने दोन तासांत केलं. तिथे हिशेब जुळतो. येशूच्या गोष्टीत तो जुळवलेला नाही. दोन्ही जवळ ठेवून वाचल्या की कळतं की त्याने मुद्दाम काय गाळलं.

ग्रीक_शिकतोय

राज्याचा आणखी एक दाखला सांगतो, बायबलमधल्या चार शुभवर्तमानांत नसलेला. १९४५ मध्ये इजिप्तमधल्या नाग हम्मादीजवळ जुन्या हस्तलिखितांचा रांजण सापडला, त्यात येशूचा शिष्य थोमा याच्या नावावरचं वचनांचं पुस्तक होतं. वचनं ११४ (ओवीवाचकांच्या दृष्टान्तांइतकीच, योगायोग). मोहरी, खमीर, मोती, ठेव त्यातही आहेत. आणि खमिराच्या लगेच पुढे हे: पित्याचं राज्य पिठाने भरलेलं मडकं नेणाऱ्या बाईसारखं आहे. ती लांबच्या वाटेने चाललेली असताना मडक्याचा कान तुटला आणि पीठ तिच्या मागे वाटेवर सांडत गेलं. तिला कळलं नाही. घरी येऊन मडकं खाली ठेवलं तर ते रिकामं.

एवढंच. खुलासा नाही. येशूने हा सांगितला की नाही यावर वाद आहेत. माझ्याकडे याचा अर्थ नाही, पण वर्षभर ही बाई माझ्या डोक्यातून गेलेली नाही.

वसईची_माई

काल बुधवार होता. नाक्यावरच्या भाऊंचा प्रतिसाद मी नाव न सांगता गटात वाचून दाखवला. ब्रश पाण्यात बुडवून घेतल्याचं आलं तेव्हा खोलीत पंख्याचा आवाज तेवढा येत होता.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पाचवाल्याला दिलं ते बरोबर केलं. त्याबद्दल माझं काही म्हणणं उरलेलं नाही. पण पहाटेवाल्याशी मालकाने थोडं बसून बोलायला हवं होतं." मी त्यांना त्या 'मित्रा' हाकेचं सांगितलं. गोष्टीत मालक सगळ्यांशी नाही, 'त्यांच्यापैकी एकाशी' बोलतो, हेही दाखवलं. ते म्हणाले, "हो, पण पुढे काय? तो दिनार उचलून गेला की तिथेच उभा राहिला?"

ते लिहिलेलं नाही. लूककडच्या, घर सोडून सगळं उधळून परत आलेल्या मुलाच्या गोष्टीतही त्याच्यावर रुसलेला थोरला भाऊ शेवटी घरात गेला की अंगणातच राहिला, हे कोणी लिहिलेलं नाही. नगरकर, तुमचं म्हणणंही मी गटात मांडलं आणि ते पटलं. बाहेरच्या अंधाराचे दाखले आम्ही वगळणार नाही.

नाक्यावरच्या भाऊ, काकांनी तुम्हाला नमस्कार सांगितलाय.

काळीमाती

माई, पुढच्या बुधवारी कुठला दाखला?

वसईची_माई

दहा कुमारी, पंचविसावा अध्याय. शहाण्या पाच जणींनी दिव्यातलं तेल वाटून का घेतलं नाही, हा प्रश्न आमच्या गटातल्या दोन बायकांनी आत्ताच विचारून ठेवलाय. दिवे कसले होते, तेल किती वेळ पुरायचं, आणि मध्यरात्री दुकानदार उठायचा का, कोणाला माहीत असेल तर मंगळवारपर्यंत लिहा.